‘वॉक’ऐवजी कोणतं क्रियापद कधी वापरायचं?

प्रश्न – नवशिका

इंग्रजीत वर्णन लिहायला घेतलं की दर वाक्यात ‘वॉक’ येतं. कोशात पर्याय भरपूर आहेत: स्ट्रोल, सॉन्टर, ट्रज, प्लॉड, पेस, हॉबल. पण बहुतेकांपुढे अर्थ एकच, ‘चालणे’. नेमका फरक काय? रोजच्या बोलण्यात यांतलं खरंच काय वापरतात? आणि ‘बाय वॉक’ म्हणायचं की ‘ऑन फूट’?

उत्तर – कोशवाचक

आधी वाक्याची ठेवण बघा, मग शब्द. मराठीत चालण्याची तऱ्हा क्रियापदाच्या आधी येते: रमतगमत आला, पाय ओढत गेला, लंगडत बाहेर पडला. इंग्रजीत ती तऱ्हा क्रियापदातच असते आणि दिशा मागून येते: ‘ही लिम्प्ड आउट’. ‘ही केम आउट लिम्पिंग’ व्याकरणात बसतं, पण आपल्या हातून उगाच तेच तेच लिहिलं जातं. म्हणून लंगडत, रमतगमत यांचं क्रियापद करा आणि आला, गेला, चढला, उतरला यांचं काम इन, आउट, अप, डाउन यांच्याकडे सोपवा.

आता फरक. स्ट्रोल म्हणजे फेरफटका. घाई नाही आणि चालण्यातच मजा आहे. अँबल जवळपास तेच. सॉन्टरमध्ये मात्र बेफिकिरी आहे. सगळे खोळंबलेले असताना कोणी आरामात आत आला तर ‘ही सॉन्टर्ड इन’, आणि त्यात टोमणा असतो. वाँडरला ठिकाण ठरलेलं नसतं. गाडी पकडायला निघालेला माणूस वाँडर करत नाही.

ट्रजमध्ये पाय उचलणंच जड झालेलं असतं: चिखल, ओझं, थकवा, नाहीतर जायची इच्छाच नाही. प्लॉडही संथच, पण एकसुरी आणि न थांबता. त्यामुळे कंटाळवाणं काम रेटत राहण्यालाही ‘प्लॉड थ्रू’ म्हणतात. लिम्प म्हणजे एका पायाने लंगडणं. हॉबलमध्ये वेदनेने किंवा अशक्तपणाने छोटी, अडखळती पावलं पडतात; बूट चावत असले तरी माणूस हॉबल करतो. झोकांड्या खाणं म्हणजे स्टॅगर, मग कारण दारू असो, मार असो की डोक्यावरचं ओझं.

लांब ढांगा टाकणं म्हणजे स्ट्राइड. त्याचा भूतकाळ ‘स्ट्रोड’, ‘स्ट्राइडेड’ नव्हे. येरझारा घालणं म्हणजे पेस: ‘पेस अप अँड डाउन’, किंवा थेट कर्म घेऊन ‘ही पेस्ड द रूम’. एवढ्याशा जागेतलं चालणं असल्यामुळे ‘ही पेस्ड टु द ऑफिस’ जमत नाही.

हमखास होणारी चूक म्हणजे ‘स्ट्रोल्ड स्लोली’, ‘ट्रज्ड टायर्डली’. तऱ्हा क्रियापदात आली की क्रियाविशेषण खोडा.

उत्तर – व्याकरणप्रेमी

‘बाय वॉक’ नाहीच. ‘ऑन फूट’ बरोबर आहे, पण बोलताना ‘आय वॉक टु वर्क’ एवढंच पुरतं. फिरायला जाणं म्हणजे ‘गो फॉर अ वॉक’. तो ‘अ’ गाळू नका आणि ‘गो टु वॉक’ म्हणू नका. दहा मिनिटांची वाट असेल तर ‘अ टेन-मिनिट वॉक’, इथे ‘मिनिट’ एकवचनीच.

वॉकला कर्मही लागतं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ‘वॉक द डॉग’ सगळ्यांना ठाऊक असतं. ‘आय विल वॉक यू होम’ म्हणजे सोबत चालत घरी सोडेन. ‘वॉक मी थ्रू द फॉर्म’ यात तर कोणी चालतच नाही. अर्ज कसा भरायचा ते एकेक रकाना घेऊन सांगा, एवढंच.

‘शी वॉक्ड आउट ऑफ द मीटिंग’ म्हणजे ती बैठक सोडून निघून गेली. ‘शी वॉक्ड आउट ऑन हिम’ म्हणजे त्याला सोडून गेली, नातंच तोडलं. शब्दयोगी चुकला तर अनर्थ.

उत्तर – कान टवकारून

उच्चाराचं कोणी बोललं नाही. वॉकमधला ‘ल’ मुका असतो. ‘वॉक’ आणि ‘वर्क’ यांचे स्वर वेगळे ठेवा, नाहीतर बँकेत काम करणारा माणूस बँकेत चालत असतो. भूतकाळ ‘वॉक्ट’सारखा, एका झटक्यात; ‘वॉकेड’ नाही. भटकणं म्हणजे वाँडर, आणि नवल वाटणं किंवा मनाशी प्रश्न पडणं म्हणजे वंडर. लिहिताना फक्त एका अक्षराचा फरक आहे, ‘ए’ आणि ‘ओ’चा.

कोशवाचकांनी सांगितलेले फरक पटले, पण दर वाक्यात नवा शब्द पेरायचा सोस नको. पात्र टेबलाशी जाऊन पत्र उचलतं तेव्हा महत्त्व पत्राला असतं. तिथे ‘वॉक’ किंवा नुसतं ‘वेंट’ बरं. ‘स्ट्रोड’ लिहिलंत की वाचक पत्र सोडून पायांकडे बघतो. बोलण्यात वॉक, लिम्प, वाँडर सर्रास येतात, स्ट्रोलही अधूनमधून; अँबल आणि सॉन्टर बहुतेक छापातच भेटतात.

नवशिका

आभार. हे वाक्य बघाल का? ‘द ओल्ड मॅन हॉबल्ड लीझरली थ्रू द पार्क, वंडरिंग हिअर अँड देअर.’

कोशवाचक

दुखऱ्या पायांना ‘लीझरली’ शोभत नाही, आणि ‘वंडरिंग’मुळे म्हातारबुवा विचारात पडलेत. पाय दुखत असतील तर ‘हॉबल्ड थ्रू द पार्क’वर थांबा. मजेत भटकत असतील तर ‘वाँडर्ड थ्रू द पार्क’. मग ‘हिअर अँड देअर’चीही गरज नाही.