पार्किन्सन्स: घरातल्या रोजच्या अडचणी डॉक्टरांपुढे नेमक्या कशा मांडाव्यात?

अबोली:
माझ्या वडिलांना (वय ७१) चार वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचे निदान झाले. दवाखान्यात त्यांची तपासणी होते ती गोळी घेतल्यावर तासाभराने. त्या वेळी ते व्यवस्थित चालतात, हाताची थरथरही कमी असते आणि 'प्रकृती स्थिर' असा शेरा मिळतो. घरी मात्र सकाळी सदऱ्याची बटणे लावायला वीस मिनिटे लागतात, रात्री कूस बदलता येत नाही आणि अक्षर इतके बारीक झाले आहे की मागच्या महिन्यात सही जुळली नाही म्हणून बँकेतून परतावे लागले. हे मोजण्याची काही रीतसर पद्धत आहे का?

गोकर्ण:
मी व्यवसायोपचार (रोजची कामे जमावीत यासाठीची थेरपी) क्षेत्रात काम करते. एमडीएस-यूपीडीआरएस या पार्किन्सन्सची तीव्रता मोजणाऱ्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोजपट्टीचा दुसरा भाग नेमका यासाठीच आहे. त्यात बोलणे, गिळणे, जेवणे, कपडे घालणे, अक्षर, अंथरुणात वळणे, चालताना पाय जागीच खिळणे अशा तेरा बाबी असून गेल्या आठवड्यातील अनुभवावरून प्रत्येकीला ० ते ४ गुण दिले जातात. डॉक्टर स्वतः हालचाल तपासतात तो तिसरा भाग वेगळा, त्यामुळे दोहोंत तफावत पडू शकते.
मला मात्र गुणांइतकीच त्यांमागची वेळ महत्त्वाची वाटते. लेव्होडोपा या पार्किन्सन्सवरील औषधाचा परिणाम ओसरला की तोच माणूस त्याच कामात अडखळतो. तीन-चार दिवस वहीत गोळीची वेळ, जेवणाची वेळ (प्रथिनयुक्त जेवणामुळे काहींना गोळीचा गुण उशिरा येतो), काम, त्याला लागलेला वेळ आणि कोणी किती हात लावला, हे लिहा. गोळ्यांच्या वेळा मात्र स्वतःहून बदलू नका.

सोनचाफा:
माझ्या पत्नीला हा आजार होऊन नऊ वर्षे झाली. पहिल्यांदा प्रश्नावली भरताना कपड्यांपुढे मी 'अडचण नाही' असे लिहिले, कारण साडीच्या निऱ्या रोज सूनच घालून देत होती आणि ती मदत आहे हे आमच्या लक्षातच आले नव्हते. पोळ्या लाटणे तिने सोडले तेव्हाही आम्ही ते वयावर ढकलले. म्हणून वडील एखादे काम करत नसतील, तर ते त्यांना जमत नाही, की घरचे त्यांना करू देत नाहीत, हे आधी पाहा. आणि त्यांनाच विचारा. हाताच्या थरथरीपेक्षा फोनवर आपला आवाज कोणाला ऐकू जात नाही, याचे तिला जास्त दुःख होते.

पाणवठा:
उठून उभे राहताना चक्कर, बद्धकोष्ठता आणि झोप यांचीही नोंद ठेवा. भारतीय पद्धतीच्या शौचालयातून उठता येते का, हे आवर्जून सांगा. विचारल्याशिवाय कोणी ते बोलत नाही.

अबोली:
सर्वांचे मनापासून आभार. काल वही घेऊन बाबांजवळ बसले. पहिली नोंद त्यांनीच सांगितली: आमटीची वाटी तोंडाशी नेताना सांडते, म्हणून गेले दोन महिने ते आमटी नको म्हणत होते. आम्हाला वाटले होते, त्यांना ती आवडेनाशी झाली.