रॉकेटला बुद्धी कुणी दिली?
मार्व्हलच्या ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ सिनेमांतल्या रॉकेट रॅकून या बोलक्या प्राण्याला बुद्धी क्रूर शास्त्रज्ञाने दिली असं म्हटलं जातं. सिनेमापुरतं ते बरोबर, पण १९८५ च्या चार अंकी कॉमिकमधलं कारण मला जास्त चटका लावतं. हाफवर्ल्ड ग्रहावर मनोरुग्णांना ठेवलेलं असतं. त्यांना सांभाळणारे यंत्रमानव स्वतः विचार करू लागतात, त्या कामात त्यांचं मन रमेनासं होतं, आणि ते रुग्णांच्या सोबतीच्या प्राण्यांना माणसाची बुद्धी देऊन सगळी जबाबदारी त्यांच्या गळ्यात टाकतात! रॉकेट ती जिवापाड निभावतो.

चित्रं माइक मिन्योलाची, लेखन बिल मँट्लोचं. १९९२ मध्ये एका वाहनाने मँट्लोला धडक दिली, मेंदूला जबर इजा झाली आणि पुढची कित्येक वर्षं त्याला दुसऱ्यांच्या शुश्रूषेवर काढावी लागली. आता ते अंक वाचताना डोळे भरून येतात.