टीम हरायला लागली की पब्लिक कुठं जातं?

गोदाकाठचा_गोली

नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे आमचं. शाळेमागच्या ग्राउंडवर सहा वर्षांपासून आमची फुटबॉल टीम आहे, मी आधी गोलकीपर होतो, गुडघा गेल्यापासून चुना मारणं, जाळी बांधणं, पाण्याचे जार आणणं हे सगळं माझ्याकडं.

तिसऱ्या वर्षी आम्ही बाहेरच्या एका टुर्नामेंटमधे फायनलपर्यंत गेलो आणि त्यानंतर घरच्या मॅचला एवढं पब्लिक आलं की पोरं लाइनीच्या आत येऊन बसली, रेफ्रीनं दोनदा खेळ थांबवून मागं सारलं. कंपाउंडच्या भिंतीवर म्हातारी माणसं पाय सोडून बसलेली. भेळवाल्या मामांचे मुरमुरे हाफटाइमलाच संपले, तर ते सायकलवर घरी जाऊन दुसरं पोतं घेऊन आले, हे मी माझ्या डोळ्यानं बघितलंय.

मग चार चांगले प्लेअर गेले. दोघं पुण्याला कंपनीत, एक पोलीस भरतीत, एक शिकायला. तेव्हापासून आम्ही हरायलो. नांदेड, संभाजीनगरच्या तगड्या टीम आम्ही बोलावतो आणि त्या सहा-सहा गोल मारून जातात. गेल्या महिन्यात मी मोजली, एकतीस माणसं होती, त्यातली निम्मी खेळणाऱ्यांच्या घरची. भेळवाले मामा तर आता येतच नाहीत, म्हणाले तुमच्या मॅचपेक्षा बसस्टँडवर धंदा होतो बाबा.

टीव्हीवर मी बघतो, इंग्लंडात जर्मनीत तळातल्या टीमचं पण स्टेडियम भरलेलं असतं. ते कसं काय? का तिथंबी असंच होतं आणि आपल्याला दिसत नाही? लोक येईनात म्हणून पोरं जीव लावून खेळेनात आणि पोरं खेळेनात म्हणून लोक येईनात, ह्याच्यातून निघायचं कसं ते कळंना झालंय. मनापासून विचारतोय.

रात्रपाळी_वाळूज

दादा तिथंबी होतं, फक्त सगळ्यांचं सारखं होत नाही. मी मँचेस्टर सिटीचा माणूस आहे म्हणून त्यांचंच सांगतो. आज पैसेवाला क्लब दिसतो पण १९९८-९९ ला सिटी तिसऱ्या डिव्हिजनला होती, क्लबच्या इतिहासात एवढं खाली कधीच गेले नव्हते, तरी मेन रोडवर, म्हणजे त्यांच्या तेव्हाच्या ग्राउंडवर, सरासरी २८ हजारांच्या वर पब्लिक. शेवटी वेम्बलीला वर चढायची प्लेऑफ फायनल, समोरची जिलिंगहॅम २-० नं पुढं, लोक उठून निघालेले, आणि सिटीच्या डिकॉवनं इंज्युरी टाइमच्या शेवटाला बरोबरी केली, मग पेनल्टीवर जिंकले. पण त्याच सीझनला एका छोट्या कपच्या मॅचला मॅन्सफिल्डविरुद्ध त्याच मेन रोडवर फक्त ३,००७ लोक होते. टीम तीच, ग्राउंड तेच. लीगची मॅच वर चढायची वाट होती, हा कप कुणाला नको होता, म्हणून आले नाहीत.

आता सुंदरलँड बघा, ह्याच्यात तुमचं उत्तर आहे असं मला वाटतं. २०१७ ला प्रीमियर लीगमधून, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमधून, खाली पडले. घरच्या ग्राउंडवर एक मॅच जिंकायला ३६४ दिवस लागले, डिसेंबर २०१६ नंतर थेट डिसेंबर २०१७. त्या २०१७-१८ च्या सीझनला सरासरी २७ हजारांच्या वर राहिली, ४९ हजारांच्या स्टेडियमात, म्हणजे खुर्च्याच खुर्च्या मोकळ्या. आणि पुन्हा खाली पडून लीग वनला, म्हणजे तिसऱ्या पातळीला गेले. आता अजून खाली गेले तर पब्लिक अजून कमी व्हायला पाहिजे ना? झालं उलटं. २०१८-१९ ला सरासरी ३२ हजारांवर गेली, बॉक्सिंग डेला (२६ डिसेंबर) ब्रॅडफर्डविरुद्ध ४६,०३९, लीग वन हे नाव पडल्यापासूनचा रेकॉर्ड. मालक नवीन आला, तिकिटासाठी लोकांना साद घातली आणि मुख्य म्हणजे टीम जिंकायला लागली. लीग खालची, पण घरी आलेला माणूस खुश होऊन जायलाय.

मँचेस्टर युनायटेड १९७४ ला पडली तेव्हाबी हेच, १९७४-७५ ला दुसऱ्या डिव्हिजनमधे असून देशात सगळ्यात जास्त सरासरी पब्लिक त्यांचंच, ४८ हजार. न्यूकॅसल २०१६-१७ ला खाली होती तर ५१ हजार. हे दोन्ही क्लब त्या वर्षी जिंकून परत वर आले हे विसरू नका. म्हणजे लोक टेबल बघत नाहीत, आज काहीतरी हाती लागंल का हे बघतात.

अजून एक, तिथले पब्लिकचे आकडे बऱ्याचदा विकलेल्या तिकिटांचे असतात, सीझन तिकीटवाला घरी बसला तरी तो मोजला जातो. कोच वेंगरच्या शेवटच्या सीझनला आर्सेनलच्या लाल खुर्च्या मोकळ्या दिसायच्या आणि आकडा मात्र ५९ हजारांचा. तुम्ही एकतीस खरी माणसं मोजलीत, ते जास्त प्रामाणिक आहे.

नांदेडचा_पिवळा

मी नांदेडचा पण नोकरीनं सहा वर्षं कोचीत काढली, तिथल्या पिवळ्या जर्सीवाल्या केरळ ब्लास्टर्सच्या आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) मॅचा कलूरच्या स्टेडियमात बघितल्या. वरच्या भाई, लोक आशेवर येतात हे शंभर टक्के पण नाराज झाले की कसे जातात तेबी सांगतो.

२०१४ ला आणि २०१६ ला ब्लास्टर्स फायनल हरली, दोन्ही वेळा कोलकात्याच्या टीमकडूनच, तरी पिवळं वादळ असायचं. ट्रेनमधून, बसमधून मलप्पुरमकडून पोरं चेहरे रंगवून यायची. मग २०१८-१९ आला. पहिली मॅच जिंकले आणि पुढचा लीगमधला विजय थेट फेब्रुवारीत. डिसेंबरात कोच डेव्हिड जेम्सला काढलं. त्या दिवसांत एकदा मी ऑफिसातून सुटून मॅच सुरू झाल्यावर आत गेलो, आधी कधी असं जमलंच नसतं. वरचा पूर्ण मजला मोकळा. माझ्या पुढच्या ओळीत एक माणूस आणि त्याची दहाएक वर्षांची मुलगी, दोघंच, मुलगी खुर्चीवर उभी राहून पिवळा स्कार्फ फिरवायली आणि तिचा आवाज ग्राउंडवर स्पष्ट ऐकू येतोय. ६० हजारांच्या गोंगाटात बसायची सवय असलेल्या माणसाला ते ऐकून कसं व्हावं. मला रडू आलं खरं सांगतो.

२०२४-२५ ला परत टीम घसरली तेव्हा मंजप्पडावाल्यांनी, म्हणजे ब्लास्टर्सच्या चाहत्यांच्या ग्रुपनं, मॅनेजमेंटविरुद्ध आंदोलन केलं. ह्यांना मी कधीच पळपुटे म्हणणार नाही. ज्याचा जीव अडकलाय तोच रुसतो, बाकीचे चॅनेल बदलतात.

आणि मुंबईचं विसरू नका. जून २०१८, अंधेरीला भारतानं चायनीज तैपेईला ५-० हरवलं, बघायला २,५६९ माणसं. जिंकूनबी पब्लिक नव्हतं! मग कॅप्टन सुनील छेत्रीनं व्हिडिओ टाकला, शिव्या द्यायला तरी या पण स्टेडियमात या असं हात जोडून सांगितलं, आणि पुढची केनियाची मॅच भर पावसात हाउसफुल्ल. गोली भाऊ, तुम्ही गावात कुणाला घरी जाऊन बोलावलंय का? बॅनर म्हणत नाही मी, माणसानं माणसाला.

तांबड्या_मातीतला

फुटबॉलचं मला फार कळत नाही, मी धाराशिवकडचा, कुस्तीच्या फडात जन्म गेला. पण पोरा तुझं दुखणं मला लांबूनच ओळखू आलं.

जत्रेत फड भरतो तेव्हा पंच कमिटी सकाळपासून एकच काम करते, जोड लावणं. अंगानं, वयानं, डावपेचानं तोडीस तोड बघायचं. चुकून नव्या पोराला मोठ्या तालमीचा तयार पैलवान लावला तर दोन मिनिटात चितपट होतं, हलगी थांबती, आणि लोक पाणी प्यायला उठतात ते परत येत नाहीत. आणि जोड तोडीची लागली की अर्धा तास कुस्ती निकाली निघंना तरी माणूस जागचा हलत नाही, ऊन डोक्यावर असू दे. मी म्हाताऱ्यांना टोपी काढून घाम पुसत पुसत उभं राहिलेलं बघितलंय, सावलीत जागा असून.

तू काय करतोयस, तर गावच्या पोरांना दरवेळी नांदेड-संभाजीनगरच्या तयार टीम लावायलास. आपलीच पोरं आपल्याच गावात सहा-सहा गोल खाताना कोण बघत बसंल? ज्याचं पोरगं खेळतंय तोच बसंल. तेच एकतीस. जोड चुकतीय तुझी. शेजारच्या गावांशी लाव. सेलू, मानवत, पाथरी, जिंतूर. हारजीत चालू राहू दे पण निकाल कुणाला आधी सांगता येऊ नये.

बालेवाडी_ते_बीड

काकांशी सहमत, फक्त थोडी भर घालतो. निकाल चांगले म्हणजे पब्लिक येतंच असं नाही. मोनाको २०१६-१७ ला फ्रान्सचा चॅम्पियन, एम्बाप्पे खेळतोय, चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल, आणि लीगच्या मॅचला सरासरी १० हजारांच्या आतबाहेर. स्टेडियम साडेअठरा हजाराचं, ते पण भरेना, कारण त्या देशाची लोकसंख्याच ४० हजाराच्या आत. आणि इंग्लंडात १९४८-४९ ला लीगच्या मॅचना वर्षात ४ कोटी १० लाखांवर लोक आले होते, ते १९८५-८६ ला १ कोटी ६५ लाखांवर आले. सगळ्याच टीम एकदम हरायला लागल्या होत्या का? नाही. मारामाऱ्या, पडकी स्टेडियमं, मे १९८५ ला ब्रॅडफर्डची आग ५६ जीव घेऊन गेली, त्याच महिन्यात ब्रसेल्सच्या हेझेल स्टेडियमात मारामारीत ३९ गेले. घरचे लोक पोराला पाठवायला घाबरायचे.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते लंडनच्या विम्बल्डन क्लबचं. प्रीमियर लीगमधे होते पण स्वतःचं ग्राउंड सोडून दुसऱ्याच्या सेलहर्स्ट पार्कवर खेळायचे, जानेवारी १९९३ ला एव्हर्टनविरुद्ध ३,०३९ लोक, प्रीमियर लीगचा नीचांक. पुढं क्लब मिल्टन कीन्सला न्यायचं ठरलं तर चाहत्यांनी २००२ ला स्वतःचा नवा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन, नवव्या पातळीपासून सुरुवात, आणि पहिल्याच सीझनला त्यांची सरासरी ३ हजारांवर, जुन्या क्लबपेक्षा जास्त. २०२० ला ते आपल्या जुन्या भागात, प्लाउ लेनला परत आले, चालत जाता येईल अशा ठिकाणी.

हे लिहिताना हात जड होतो कारण मी पुण्यात शिकताना एफसी पुणे सिटीला जायचो. २०१७-१८ ला सेमीफायनल खेळलो आणि २०१९ ला क्लबच बंद. रविवारी संध्याकाळी बालेवाडीकडं जायची सवय लागली होती, आता त्या रस्त्यानं गेलो तरी कुणासाठी वळायचं? तुमची टीम हरतेय पण आहे ना भाऊ. एकतीस माणसं तर एकतीस, मॅच बंद पडू देऊ नका.

गोदाकाठचा_गोली

सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचलं सगळं. काका, जोड लावायची गोष्ट डोक्यातच आली नव्हती, आम्हाला वाटायचं मोठी टीम आणली की पब्लिक येईल. काल सेलूच्या पोरांना फोन केला, त्यांचंबी रडगाणं हेच निघालं, त्यांच्याकडं चाळीस माणसं येतात म्हणे. मानवतवाले पण तयार झालेत. तीन गावं, प्रत्येकाच्या घरी दोन-दोन मॅच, दर पंधरा दिवसांनी रविवारी, आठवडी बाजार नसलेल्या दिवशी.

नांदेडच्या भाऊ, तुमचं ऐकून आज संध्याकाळी भिंतीवर बसणाऱ्या त्या म्हाताऱ्यांपैकी दोघांच्या घरी जाऊन आलो. एक आजोबा आजारी होते, दुसऱ्यांनी विचारलं, अरे अजून खेळताय का तुम्ही, आम्हाला वाटलं बंद झालं.

भेळवाल्या मामांना अजून काही बोललो नाही. पहिली मॅच होऊ द्या.