साउंड रेकॉर्डिंग शिकायचंय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. भाचा साताऱ्यात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गणपतीत मंडळाच्या मिक्सरवर बसून बसून आवाजाचं वेड लागलं. आता म्हणतो, सिनेमाचं साउंडच करणार. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म संस्थेत साउंड रेकॉर्डिंग आणि साउंड डिझाइनचा अभ्यासक्रम आहे, पण त्याला बारावीला भौतिकशास्त्र लागायचं. ती अट अजून आहे का? आमचं पात्र कॉमर्सचं! कोलकात्याच्या सत्यजित राय फिल्म संस्थेतही तेच का? ज्या खासगी क्लासला विचारलं, तिथे लाखांत फी आणि शिकवणार फक्त प्रो टूल्स, म्हणजे आवाज रेकॉर्ड आणि एडिट करायचं सॉफ्टवेअर. बूम (लांब काठीवरचा माइक) कसा धरायचा, लोकेशनवर वाऱ्याची घरघर कशी टाळायची, हे कुठे शिकायला मिळतं? की सरळ मुंबईत एखाद्या डबिंग स्टुडिओत उमेदवारी करावी? या कामात असलेल्यांनी कृपया सांगा. तिकडे ताईने त्याच्यासाठी बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायला घेतलाय.