मुलाच्या ॲलर्जीसाठी घराची सफाई : सुरुवात नेमकी कोठून करावी?

पागोळी
नमस्कार. आम्ही चिपळूणजवळ राहतो. माझ्या आठ वर्षांच्या मुलाला गेले दोन पावसाळे पहाटे उठल्याबरोबर ओळीने दहा-बारा शिंका येतात, नाक चोंदते आणि श्रावणात तर छातीतली घरघर शेजारी बसल्यावरही ऐकू येते. त्वचेवरच्या चाचणीत धुळीतल्या माइटची आणि झुरळांची ॲलर्जी निघाली. औषधे व इन्हेलर नियमित चालू आहेत, पण घरातली धूळही कमी करा, असे डॉक्टरांनी बजावले आहे. मी दिवसातून दोनदा केर काढते, जळमटे काढते, तरी फरक नाही. उलट केर काढल्यावर त्याचा त्रास वाढतो. तो जुन्या कापसाच्या गादीवर झोपतो आणि आजीने लुगड्यांची शिवलेली गोधडी पांघरतो. हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यावे का?

निवळशंख
ताई, यंत्राचा खर्च तूर्त थांबवा आणि सगळे लक्ष अंथरुणाकडे वळवा. माइट हा कोळ्याच्या कुळातला जीव जेमतेम पाव मिलिमीटरचा असतो. तो चावत नाही. आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर जगतो आणि लागणारे पाणी हवेतल्या दमटपणातून शोषून घेतो. त्यामुळे कोकणातला पावसाळा आणि वर्षानुवर्षे वापरलेली कापसाची गादी यांहून सोयीची जागा त्याला मिळणे कठीण. घरातल्या धुळीच्या ॲलर्जीचे मूळ या जीवात आहे, हे नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी १९६४च्या सुमारास दाखवून दिले. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेच्या कणांमुळे. हे कण तुलनेने जड असल्याने हवेत उडाले तरी अर्ध्या तासात बहुतेक खाली बसतात, म्हणून कोपऱ्यातल्या यंत्रापर्यंत ते फारसे पोहोचतच नाहीत. मुलाचे नाक मात्र रात्रभर उशीला टेकलेले असते.

गादी आणि उशी यांना घट्ट विणीच्या कापडाची, सर्व बाजूंनी बंद होणारी चेनची खोळ घाला. चादरी, अभ्रे आणि गोधडी दर आठवड्याला साठ अंश तापमानाच्या पाण्यात धुवा. थंड पाण्याने कण बरेचसे वाहून जातात, पण माइट जिवंत राहतात. तुमच्याकडे बंब असेल तर त्यातले कडकडीत पाणी काढून गोधडी त्यात अर्धा तास भिजत ठेवा. धुण्याच्या यंत्राची गरज नाही. कडक उन्हात गादी वाळवणे चांगलेच, मात्र उन्हाने माइट मेले तरी त्यांचे कण कापसातच राहतात, म्हणून खोळ टळत नाही. मुलाच्या कापडी खेळण्यांपैकी एक-दोनच अंथरुणात राहू द्या; ती पिशवीत बांधून दिवसभर फ्रीजरमध्ये ठेवावीत आणि नंतर धुवावीत.

केर काढल्यावर त्रास का वाढतो, हेही यावरून कळते. कोरडी केरसुणी खाली बसलेली धूळ पुन्हा नाकाच्या उंचीवर आणते. मुलगा शाळेत असताना ओल्या फडक्याने पुसून घ्या, स्वतः तोंडाला कापड बांधा आणि त्यानंतर अर्धा तास त्याला त्या खोलीत येऊ देऊ नका.

शेगडी
झुरळांबद्दल थोडे सांगते, कारण आमच्या घरी हाच मुद्दा वर्षभर दुर्लक्षित राहिला होता. झुरळे मारली म्हणजे काम संपले, असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात त्यांची विष्ठा, लाळ आणि वाळलेले अवयव मागे राहतात आणि ॲलर्जी त्यांचीच असते. ओट्याखालच्या खणाच्या बिजागरीपाशी मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसतील. ते साबणाच्या गरम पाण्याने खरवडून पुसा. फवाऱ्याचा उग्र वास दम्याच्या मुलाला सोसत नाही, म्हणून फटींमध्ये जेलचे ठिपके लावलेले बरे. रात्री खरकटी भांडी आणि उघडा ओला कचरा ठेवू नये. पुठ्ठ्याची रिकामी खोकी तर घरातच ठेवू नयेत.

कौलारू
भिंतीच्या ओलीचा उल्लेख कोणी केला नाही. पश्चिमेच्या भिंतीला चिकटवलेले कपाट एकदा ओढून पाहा. मागे बुरशीचे काळे डाग असण्याची शक्यता बरीच आहे. कपाट भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. आतून रंग मारण्याआधी पाणी झिरपण्याची बाहेरची जागा बुजवली पाहिजे, नाहीतर पुढच्या आषाढात पोपडे पुन्हा सुटतील. ब्लीचने डाग पुसणार असाल तर त्यात संडास धुण्याचे आम्ल चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. आणि पावसाळ्यात मुलाच्या झोपायच्या खोलीत दोरी बांधून कपडे वाळवू नका. तो दमटपणा माइट आणि बुरशी या दोघांनाही पोसतो.

पागोळी
सर्वांची मनापासून आभारी आहे. आज दुपारी कपाट ओढले; मागे हातभर उंचीपर्यंत भिंत काळी पडली होती आणि आमच्या घरातली कपडे वाळवण्याची दोरी अगदी त्याच खोलीत होती. ती पडवीत हलवली आहे. खोळ शिवायला माप दिले. गोधडी टाकून द्यावी लागेल, या भीतीने मी प्रश्न विचारायलाच उशीर केला होता. ती आता बंबाच्या पाण्यात भिजते आहे.