बडोद्याहून समुद्रकिनारी तंबूत राहायचंय, सोबत आई आहे. कुठे जावं?

रावपुराकर: डिसेंबरमधल्या एका शनिवार-रविवारला सोमवार जोडलाय. आम्ही दोघं, ९ आणि १३ वर्षांची मुलं आणि आई (वय ७१, गुडघे दुखतात). मुलांना वाळूत तंबू ठोकून झोपायचंय, आईला पलंग आणि जवळ संडास हवा. नेहमीच्या हॉटेलपेक्षा वेगळी जागा मिळाली तर फारच छान. जाण्यायेण्यासकट १५ हजार. लांबचा बसप्रवास नको.

मांडवीप्रेमी: कच्छची मांडवी! दुसरा विचारच करू नका. विजय विलास पॅलेसच्या किनाऱ्यावर तंबू आहेत, आत पलंग. तुमच्या बजेटमध्ये बसणार नाही, पण पैसे पुन्हा कमावता येतात. रुक्मावतीच्या काठावर अजून लाकडी गलबतं बांधतात. फळ्यांच्या फटीत एक म्हातारा कारागीर कापूस ठोकत होता, आमची मुलगी तासभर तिथून हलली नाही.

सयाजीगंज७: मांडवीला जायलाच एक रात्र जाईल. दीवला जा. घोघला बीचला २०२० मध्ये ब्लू फ्लॅग (स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन) मिळाला. शिवराजपूरलाही तेव्हाच मिळाला, पण ते द्वारकेजवळ, म्हणजे लांब.

वाडीवाला: सुट्टीच्या दिवशी आईला घेऊन दीव? आम्ही गेलो तेव्हा शेजारच्या खोलीत रात्री दोनपर्यंत पिऊन धिंगाणा. तक्रार केली तर मॅनेजर म्हणे, लोक इथे त्यासाठीच येतात.

सयाजीगंज७: एका खोलीवरून अख्खं दीव बाद करू नका. १५३५ ला पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला सकाळी लवकर बघा, शुकशुकाट असतो.

वाडीवाला: किल्ला चांगलाच आहे. मी रात्रीचं बोलतोय.

मूळगावदेवगड: समुद्र बघायचा तर कोकणात, बाकी सगळं खाडीचं पाणी. ३ दिवसांत होणार नाही, ६ काढा. आणि कुठेही गेलात तरी तिथी बघून जा. आमचे आजोबा सांगायचे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमाराला, पौर्णिमेला साधारण सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. हा हिशोब कोकणपट्टीचा, खंभातच्या आखातात लावू नका. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी नेहमीपेक्षा वर चढतं.

कारेलीबाग_ट्रेकर: काकांचं तिथीचं म्हणणं मनावर घ्या. वलसाडजवळच्या तिथलला आम्ही पाण्यापासून वीस पावलांवर तंबू लावला होता. पहाटे पाठीखालची चटई ओली, चपला वाहून गेलेल्या. वाळूवर सुक्या काटक्या आणि कचऱ्याची रेघ दिसते ना, भरती तिथवर येते. तंबू तिच्याही बराच वर. खुंट्या वाळूत टिकत नाहीत. पिशव्यांत वाळू भरायची, दोरी बांधून हातभर खोल पुरायच्या. आणि परवानगी आधी विचारा, सगळीकडे झोपू देत नाहीत.

दांडियाबाजार: तिथलची वाळू काळी, मुलांचे कपडे खराब. मांडवीच बरी.

कारेलीबाग_ट्रेकर: वाळूचा रंगच काळा आहे, ती घाण नव्हे. झटकली की जाते.

खंडेरावमार्केट: आम्ही दरवर्षी हिवाळ्यात त्या बाजूला जातो ते फक्त खायला. वलसाडजवळ हायवेवर उंबाडियुं: पापडी, कंद, रताळी मडक्यात भरून मडकं पालथं घालतात, वरून जाळ. आणि उदवाड्याला पहाटे ‘दूध ना पफ’, म्हणजे पेल्यात नुसता दुधाचा फेस. ऊन चढलं की संपतो. तिथल्या जुन्या पारशी हॉटेलांत राहताही येतं. राहणाऱ्यांनी जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवावं.

मांडवीप्रेमी: खाण्यासाठी एवढं लांब? मांडवीची दाबेली खाल्ली आहे का?

रावपुराकर: सर्वांचे मनापासून आभार. उदवाडा ठरलं. वापीपर्यंत ट्रेन, पुढे रिक्षा. फोनवर विचारलं: खोली तळमजल्यावर, समोर ओटा, संडास आतच. इराणशाह या पारशांच्या पवित्र अग्नीच्या अग्यारीत आपल्याला (पारशी नसल्याने) आत जाता येत नाही, तरी १७४२ पासून तो अग्नी त्या गावात आहे हे कळल्यावर आईला ती गल्ली बघायचीच आहे. उदवाड्याचा किनारा समुद्राने बराच खाल्लाय, म्हणून मुलांना एक दिवस नारगोलला नेऊ. तिथे सुरूच्या झाडांखाली दिवसापुरता तंबू. धाकटा रुसलाय, त्याला रात्रच हवी होती.

मूळगावदेवगड: पुढच्या वर्षी कोकण. आत्ताच रजा टाका.

कारेलीबाग_ट्रेकर: तंबू विकत घेऊ नका, माझा चारजणांचा न्या. तिथलच्या खाऱ्या पाण्याने चेन गंजली होती, नवी बसवली आहे. परत देताना गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, एवढंच.