टेस्टची स्क्रिप्ट कोऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्येच चालवावी का?

रातपाळी:
माझं मत ठाम आहे. टेस्ट चालवणाऱ्या शेल स्क्रिप्टने (टर्मिनलच्या कमांडच्या फायलीने) बाहेरचं, म्हणजे मशीनच्या एन्व्हायर्नमेंटमधून आपोआप मिळणारं कुठलंही सेटिंग (व्हेरिएबल) उचलू नये. 'एन्व्ह -आय' या कमांडने सगळं पुसायचं आणि पाथ (प्रोग्राम कुठे शोधायचे), होम (वापरणाऱ्याचं फोल्डर), टीझेड (टाइमझोन), एलसी_ऑल (लोकेल, म्हणजे भाषा आणि अक्षरांचं सेटिंग) एवढंच हाताने द्यायचं. आपल्या लॅपटॉपवर भारतीय वेळ, टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सीआय सर्व्हरवर यूटीसी, म्हणजे साडेपाच तास मागची जागतिक वेळ. पहाटे तीनला टेस्ट लावली तर सर्व्हरच्या लेखी अजून कालचीच तारीख असते, आणि मग 'माझ्याकडे तर पास होते' यात अर्धा दिवस जातो. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटच्या स्वतःच्या टेस्ट बघा: सुरुवातीलाच एलसी_ऑल 'सी' (कुठल्याही भाषेचं नसलेलं मूळ लोकेल), टीझेड यूटीसी, पेजर (मजकूर पानापानाने दाखवणारा प्रोग्राम) 'कॅट' असं ठरवून टाकतात आणि 'गिट_'ने सुरू होणारे बहुतेक व्हेरिएबल काढून टाकतात.

कोकणकडा:
पण गिटवाले 'एन्व्ह -आय' वापरत नाहीत, हेही बघा ना. त्रास देणारं तेवढं निवडून काढलंय. सरसकट पुसलं की प्रॉक्सी (नेटवर्कचं सेटिंग) जाते, एसएसएच एजंट (लॉगिनच्या किल्ल्या सांभाळणारा) जातो, एनव्हीएमने पाथमध्ये घातलेला नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) सापडत नाही. मग तुमची यादी वाढत जाते आणि ती सांभाळायला कुणी नसतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे वापरणाऱ्याचं मशीन कोरं नसतं. 'सी' लोकेलमध्ये बॅश या शेलला 'मराठी' या शब्दाची लांबी विचारा, तो 15 सांगतो, कारण अक्षरं न मोजता साठवणुकीचे बाइट मोजतो. देवनागरी ओळखणाऱ्या यूटीएफ-8 लोकेलमध्ये 5 सांगतो (काना आणि वेलांटी वेगळे धरून). सगळ्या टेस्ट 'सी'मध्येच चालवल्या तर देवनागरीत नाव भरणाऱ्या माणसाची अडचण तुम्हाला कधी दिसणारच नाही.

रातपाळी:
15 आणि 5 चा मुद्दा मान्य. मग दोन्ही लोकेल टेस्टमध्ये मुद्दाम लिहा आणि दोनदा चालवा. कुणाच्या तरी बॅशआरसीमधून (बॅशच्या खासगी सेटिंगच्या फायलीतून) योगायोगाने आलेल्या सेटिंगवर भरवसा कसा ठेवायचा?

धुळेकर:
मला रिकाम्या व्हेरिएबलची जास्त भीती वाटते. 2015 मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या गेमच्या प्रोग्रामच्या स्क्रिप्टमधला दोष उघड झाला: स्टीमच्या फोल्डरचा पत्ता असलेलं स्टीमरूट हे व्हेरिएबल रिकामं राहिलं की 'आरएम -आरएफ' ही फायली पुसणारी कमांड थेट रूटपासून, म्हणजे डिस्कच्या मुळापासून पुसत सुटायची. लोकांच्या फायली गेल्या. टेस्ट संपल्यावर टेम्प (तात्पुरतं) फोल्डर साफ करणाऱ्या आपल्या स्क्रिप्टमध्ये तीच ओळ असते. शेलचं 'सेट -यू' हे सेटिंग पुरत नाही. ते न ठरवलेलं व्हेरिएबल पकडतं, रिकामं सोडून देतं. महिरपी कंसात नावापुढे कोलन आणि प्रश्नचिन्ह टाका. दोन्ही पकडली जातात आणि स्क्रिप्ट तिथेच थांबते.

कोकणकडा:
हे आजच करण्यासारखं आहे. शिवाय प्रत्येक टेस्ट गोल कंसात, म्हणजे सबशेलमध्ये (शेलच्या वेगळ्या प्रतीत) चालवा. आत एक्स्पोर्ट केलेलं (ठरवलेलं) व्हेरिएबल पुढच्या टेस्टला लागत नाही. एवढं केलं की सगळं पुसायची गरज उरत नाही.

रातपाळी:
उरते. सबशेल आतलं बाहेर जाऊ देत नाही, पण बाहेरचं आत येतंच, आणि माझी तक्रार त्याचीच आहे. प्रॉक्सी, एजंट हवेत तर यादीत लिहा. नव्याने आलेल्या माणसाला या टेस्टना काय काय लागतं ते एका जागी वाचता येईल.